नव्या अल्बममधलं गाणं

"रॉक अमर आहे!" शेफील्डच्या सभागृहात आमचा गायक नेव्हिल गरजला आणि दोन मिनिटं खोकत राहिला. मग त्यानं जाहीर केलं, "आता नव्या अल्बममधलं गाणं!" त्यासरशी अख्खं सभागृह उठलं आणि बिअरच्या रांगेत जाऊन उभं राहिलं. रसिकांची ही जुनीच रीत, म्हणून ड्रमवर बसलेल्या मला काही वाटलं नाही. पण हे गाणं नेव्हिलनं आमच्या गिटारवादक रोलंडसाठी रचलं होतं. तरुणपणी त्यानं आमच्या सर्वांत गाजलेल्या गाण्यातून रोलंडची गिटार गाळली, तेव्हा बँड मोडला. म्हातारपणी पुन्हा जमलो, तरी त्या दोघांत अबोलाच. तोंडानं माफी मागणं आमच्याकडे कुणाला जमत नाही. रिकाम्या खुर्च्यांसमोर, बाकावर बसून थकल्या आवाजात तो गायला. शेवटी घाबरत पुटपुटला, "काय थेरड्या, पटलं?" रोलंड लंगडत जवळ आला. "या खेपेला गिटार ठेवलीस. बरं, सरक जरा, गुडघे दुखतायत."