एकच जिना

सुकन्यानं मसाला पापडाचा तुकडा मोडला अन् तेवढ्यात जिन्यातून अप्पा वर आले.

तिला आधी खरंच वाटंना. अप्पा म्हंजे तिचे वडील, रेणापूरचे गुंडप्पा किराणावाले. जन्मात हॉटेलातलं पाणी प्यालेले न्हाईत. म्हणून तर कॉलेजातल्या शिवमसोबत चोरून बसायला तिनं लातुरातली हीच जागा धरली होती. खाली खाऊगल्ली, वर तिसऱ्या मजल्याच्या गच्चीवर हे शुद्ध शाकाहारी रूफटॉप, बांबूच्या झोपड्या, झोपडीला पडदा. गावाकडचं कुणी आलंच तर खाली गल्लीत येईल, वर कशाला चढतंय? अन् आज खुद्द अप्पाच, कपाळाला विभूती, धोतर सावरत. मागं दोन पाव्हणे.

शिवमनं झटक्यात पडदा ओढला.

अन् बसले कुठं म्हणता? जिन्याजवळच्या टेबलावर. चढायला तो एकच लोखंडी जिना, उतरायला बी तोच.

"कोण हायेत?" शिवमनं हळूच विचारलं.

"अप्पा. दुसरे दोघं न्हाई माहीत."

पण ते बी लगेच कळलं, पडद्यानं काय कान झाकतेत का. जाडा पाव्हणा उदगीरचा चंद्रप्पा, कापड दुकानवाला. दुसरा त्याचा मेव्हणा. अन् बोलणं चाललं होतं ते सुकन्याचंच. चंद्रप्पाच्या पोराला तिचा फोटो पसंत पडला होता.

पापडाचा तुकडा तिच्या तोंडात तसाच राहिला. चावावा तर आवाज व्हायचा. भिजून मऊ व्हायची वाट बघत बसली बिचारी.

"लाजू नका गुंडप्पा, पनीर घ्या," चंद्रप्पा म्हणत होता. "आता सवय करा. आमच्या घरचे दर आईतवारी इथंच अस्तेत."

"मला आपलं वरण-भात चालतंय."

"वरण खायला तीन मजले चढलाव का पाव्हणे?" मेव्हणा हसला. "बरं, ते ऱ्हाऊ द्या. शब्द द्या. आजच सुपारी फोडून टाकू."

"पोरीला इचारल्याबिगर शब्द देत न्हाई मी."

"आता तिला काय इचारायचं?" मेव्हणा म्हणला. "शिकवली म्हणून डोक्यावर बसवून घेतलाव व्हय?"

"बसू द्या की," अप्पा म्हणले. "माझंच डोस्कं हाय."

चंद्रप्पा बी हसला, पण अप्पा हसले न्हाईत. "उद्या हॉस्टेलवर जातो. समोर बसवून इचारतो. न्हाई म्हणली तर न्हाई. राग मानू नका."

इकडं सुकन्याच्या डोळ्यांत टचकन पाणी. कवापासून ती मनात वाक्यं जुळवत होती, अप्पाला शिवमचं कसं सांगावं, कुठून सुरू करावं, मारतील का, कॉलेज बंद करतील का. अन् हे इतकं सोपं होतं. उद्या अप्पा समोर बसणार, विचारणार. ती सांगणार. फक्त आजचा हा जिना न दिसता उतरायला पाहिजे होता.

तिनं कठड्यावरून खाली बघितलं. गल्लीत पाणीपुरीच्या गाड्यापाशी तिच्याच हॉस्टेलच्या पोरी सुकी पुरी मागत होत्या. हाक मारावी इतक्या जवळ. वर बघायला एकीला बी सवड नव्हती.

"मी निघतो पुढं," शिवम म्हणला. "मला कुठं वळखतेत ते?"

"अन् मी?"

"तू बस. ते गेले की उतर. दोघं एका जागी घावलो तर उद्याचं बी गेलं समज."

गोष्ट खरी होती. तिनं मान हलवली.

शिवम मोबाईलमध्ये डोकं घालून निघाला. झोपड्या ओलांडल्या, टेबल ओलांडलं, एक पाय जिन्यावर ठेवला. झालंच होतं.

"बाळा," अप्पांनी हाक मारली, "हात कुठं धुतेत रं इथं?"

आता माहीत न्हाई म्हणून सुटला असता की न्हाई? पण बेनं घाबरलं. अन् वडीलधाऱ्याशी खोटं बोलायची सवय नसलेलं, त्यानं खरंच सांगितलं. "ते काय काका, शेवटच्या झोपडीसमोर." अन् धडाधडा जिना उतरून गेला.

शेवटची झोपडी सुकन्याचीच.

पडदा शिवम जाताना अर्धा उघडाच ठेवून गेला होता. तिनं हात पुढं केला, तर अप्पा आलेच. पडदा हलला तर ते वळून बघणार. हात तसाच हवेत राहिला.

अप्पा बेसिनवर वाकले. हात धुतले, तोंडावर पाणी मारलं, मान वर केली. समोर आरसा होता.

आरशात अप्पाचं ओलं तोंड. खांद्यामागं झोपडी, दोन ताटल्या, दोन गिलास, सुकन्या.

दोघं आरशातच एकमेकांकडं बघत राहिले. नळ वाहत होता. अप्पा मागं वळले न्हाईत. दुसऱ्या ताटलीकडं बघितलं, मग जिन्याकडं बघितलं. नळ बंद केला. ओघळलेली विभूती उपरण्यानं पुसली अन् माघारी गेले.

"मग? सांगू का पनीर?" चंद्रप्पानं विचारलं.

"सांगा," अप्पा म्हणले. "अन् मुहूर्त बी काढा. जवळचाच."

"आं?" चंद्रप्पा म्हणला. "पोरीला इचारणार होता की उद्या."

अप्पांनी आपली खुर्ची उचलली, जिन्याच्या तोंडाशी नेऊन आडवी ठेवली अन् झोपड्यांकडं तोंड करून बसले.

"इथं जरा वारं लागतंय," ते म्हणले. "सावकाश होऊ द्या."