बाबांच्या नावाची बाटली

बेबीने लघवीच्या त्याच नमुन्याची तिसरी काच तयार केली आणि पुन्हा सूक्ष्मदर्शकात डोकावली. मोहरी सांडावी तशा रक्ताच्या पेशी इथेही पसरलेल्या होत्या. बाटलीवरच्या चिठ्ठीवर तिच्याच अक्षरात बाबांचं नाव होतं. सकाळी आईने ती पिशवीत घालून तिच्या हातात दिली होती.

बारा वर्षं लॅबमध्ये काढलेली चौतिशीची बाई, पण घरात अजून बेबीच. दरवर्षी ती दोन रिकाम्या बाटल्या घरी न्यायची. बाबांची भरून परत यायची. “मला काय धाड भरलीय?” म्हणत आई स्वतःच्या बाटलीत लवंगा भरून ठेवायची.

बाबांची तीस वर्षं कापड रंगवण्याच्या कारखान्यात गेली होती. आई त्यांचे कपडे हाताने धुवायची तेव्हा पाणी निळंशार व्हायचं. अशा कामाने मूत्राशयाला काय काय होऊ शकतं, हे बेबीला तोंडपाठ होतं. आज ते आठवायला नको होतं.

संध्याकाळी तिने घरी सांगून टाकलं. बाबा हसले.

“अहो डॉक्टरीणबाई, मला तर कधी लाल दिसलं नाही.”

“साध्या डोळ्यांना दिसेलच असं नसतं, बाबा.”

भाजी निवडणाऱ्या आईचे हात थांबले. “कशाने होतं गं हे?”

“मुतखडा असतो. जंतुसंसर्ग असतो. कधी कधी...” बाबांकडे पाहून बेबीने पुढचं गिळलं.

“खड्याला दुखतं ना?”

“बहुतेक वेळा. कळा येतात, जळजळ होते.”

“आणि काहीच दुखत नसेल तर?”

“तर लवकर बघायला हवं.”

“आणि बरेच दिवस कोणी अंगावर काढलं असेल तर?”

“आई, पुरे!” बेबी करवादली. बाबा समोर बसलेत, हिला काही कळतं की नाही! आई मान खाली घालून पुन्हा भाजी निवडू लागली.

डॉक्टरांनी पुन्हा लघवी तपासली. या वेळी रक्त नव्हतं. बेबीचा जीव भांड्यात पडतो न पडतो तोच ते म्हणाले, “रक्त कधी दिसतं, कधी नाही. यांचं आधीचं काम बघता आपण सगळं तपासू. आत दुर्बीणही घालू.”

तारखा मिळेपर्यंत महिना गेला. बेबी रोज लोकांच्या बाटल्या तपासत राहिली. स्वतःच्या बापासाठी मात्र तिला काडीचंही करता येत नव्हतं. कधी नव्हे ते तिने देवाला हात जोडले आणि त्याचीही तिला लाज वाटली. आईचं जेवण तुटलं. “नवऱ्याच्या काळजीने अर्धी झाली हो,” असं शेजारीण म्हणाली.

दुर्बिणीच्या दिवशी बाबा भिंतीला धरून बाहेर आले. चेहरा पांढराफटक पडला होता. त्यांना तसं पाहून आई सगळ्यांदेखत ढसाढसा रडली. शेवटी बाबांनाच तिची समजूत घालावी लागली. “अगं, मेलो नाही अजून,” ते म्हणाले.

आठवड्याने शेवटचा रिपोर्ट आला. डॉक्टरांनी तो दोनदा वाचला. “सगळं स्वच्छ आहे. मग ते रक्त आलं कुठून, देव जाणे.”

बेबी चपलाही न काढता स्वयंपाकघरात धावली आणि तिने आईला घट्ट मिठी मारली. मिठीत आईची हाडं लागली.

“आई, बाबांना काही नाही! काही म्हणजे काही नाही!”

आईने हळूच तिचे हात सोडवले आणि ओट्याचा आधार घेतला.

“त्यांना काही नसणारच गं,” ती म्हणाली. “त्यांची मी मोरीत ओतली होती. तुझ्या हातात दिली ती बाटली मी भरली होती.”