घंटाफुलाचा रंग

उल्म शहरातल्या माझ्या मित्राच्या, योस्टच्या पत्राला मी बारा वर्षं उत्तर दिलं नव्हतं. त्यानं लिहिलं होतं, “जर्मन वनस्पतींच्या ग्रंथात तू घंटाफूल पांढरं लिहिलंस. पुस्तकी किड्या, ते निळं असतं! वाळल्यावर रंग उडतो. जूनमध्ये ये, डोंगरावर जाऊन दोघं बघू.” सगळा ग्रंथ मी लोकांनी पाठवलेल्या वाळक्या फुलांवरून लिहिला होता. लाजेनं उत्तर लिहवलं नाही. यंदा स्वयंपाकीण आपोलोनिया वैतागली, “डॉक्टरसाहेब, वाचून वाचून पत्र फाटलं. पाय धड आहेत ना? मग चढा की!” एकटाच चढलो. खडकाच्या कपारीत ते डुलत होतं, निळंशार. दाखवायला शेजारी कोणी नव्हतं. एक फूल खुडलं. “तुझंच खरं” एवढंच लिहून पत्रात ठेवलं. “हे उल्मचे गृहस्थ हयात आहेत का?” टपालस्वारानं विचारलं. “ठाऊक नाही बाबा. तू ने.” पोचेपर्यंत फूल पांढरं पडलेलं असेल. योस्ट असला, तर हसेल.