सतरा नंबरचे ठिपके

"जुना प्रोग्रॅम आहे. नको ते काढून टाका, अर्धा तास देते," म्हणत डेअरीच्या मुलाखतीत निकिता मॅडमनी लॅपटॉप पुढे सरकवला. परवेझ स्क्रीनवर बघतो तर काय, प्रोग्रॅम त्याचाच.

पंधरा वर्षांपूर्वी, कॉलेजात असताना, त्याने तो पुणतांब्याच्या दूध केंद्राला हौसेने लिहून दिला होता. पुढे केंद्र या डेअरीने घेतलं, त्यासोबत प्रोग्रॅमही आला असणार. त्यावर नाव कुठेच नव्हतं. आपलं नाव घालायचं असतं, एवढंही तेव्हा कळत नव्हतं.

पुण्यातली नोकरी सुटून सात महिने झाले होते. केडगावची ही मिळाली, तर दर रविवारी अम्मीकडे जाता येणार होतं. तो भराभर काढत सुटला. सतरा नंबरच्या सभासदापाशी मात्र हात अडला.

सतरा म्हणजे बनुबाई. इतरांच्या पावतीवर दुधाचा आकडा छापला जाई, हिच्या पावतीवर लिटरमागे एक ठिपका.

"आकडं मला कळत न्हाईत बाबा," ती म्हणाली होती. "बोटानं मोजता येईल असं कायतरी दे."

मग रोज सकाळी ती खिडकीशी उभी राहून एकेका ठिपक्यावर बोट ठेवायची, मोठ्याने मोजायची. गाय व्याली की खरवसाचा पहिला डबा परवेझला. तसं कौतुक पुण्यात पुन्हा कुणी केलं नाही.

पण बनुबाई जाऊन चार वर्षं झाली होती. आणि हे मीच लिहिलंय म्हणावं, तर असला पोरकटपणा बघून मॅडम हसायच्या. गरजवंताला अक्कल नसते. परवेझने मन घट्ट केलं आणि ठिपके पुसले.

मॅडमनी सगळं नीट पाहिलं.

"काम स्वच्छ आहे सर, पण नाही घेता येणार. आधीच्या उमेदवारांसारखे ठिपके तुम्हीही काढलेत. कशासाठी आहेत, एवढं विचारलं असतं तरी चाललं असतं."

"एकाच सभासदासाठी कोण ठेवतं मॅडम?"

"ते बघूनच तर नव्या प्रोग्रॅममध्ये आम्ही दोनशे बायकांना ठिपक्यांची पावती दिली. ज्याने ते लिहिले, त्याला दोन वर्षं शोधतोय. सापडला असता, तर मुलाखत कसली, सरळ आणून खुर्चीत बसवला असता."

तो मीच, हे सांगायला परवेझला आता तोंड उरलं नव्हतं.