गणिताच्या तासाची पुटपुट

"पुन्हा तूच." गणिताच्या बाई फळ्यापासून वळल्या. "घरची भाषा घरी ठेवून यायची, कितीदा सांगायचं? ऊठ, उभी राहा."

पहिल्या बाकावरची नवी मुलगी उठली. तिला शाळेची भाषा येत होती, पण विचारल्याशिवाय ती तोंड उघडत नसे, म्हणून वर्गात सगळे तिला मुकी म्हणत. मागच्या बाकांवरची मुलं तोंड दाबून हसली.

बाई फळ्यावर गणित सोडवू लागल्या की ती पुटपुट सुरू होई. हलकी, एका लयीत, आकडे मोजल्यासारखी. वळून पाहावं तर वर्ग चिडीचूप, आणि ही मिठाची गुळणी धरून बसलेली.

"पण म्हणते काय ती?" बाईंची तक्रार ऐकून मुख्याध्यापकांनी विचारलं.

"मला कसं कळणार, सर? आमच्या सात पिढ्यांत ती भाषा कुणी बोललेलं नाही," बाई घाईने म्हणाल्या.

"शेवटची समज द्या. नाहीच ऐकलं, तर वडलांना बोलावून दाखला हातात देऊ."

तो आवाज आता बाईंची पाठ सोडेना. घरी एकट्या असताना, धुतलेले कपडे मोजून कपाटात लावताना तोच सूर कानाशी येई. हातातली चादर हातातच राही. पोरीने आपल्या डोक्यातच बिऱ्हाड केलंय, असं त्यांना वाटे.

शेवटी एके दिवशी शाळा सुटल्यावर त्यांनी तिला थांबवून घेतलं.

"दोन्ही हात तोंडावर ठेव. घट्ट. मी सांगेपर्यंत काढायचे नाहीत."

मुलीने ठेवले. बाईंनी लांबलचक भागाकार मांडला. रिकाम्या वर्गात आधी नुसता खडूचा आवाज. मग ती पुटपुट, अगदी जवळून.

बाई गर्रकन वळल्या. मुलीचे तळवे तोंडावर तसेच होते. डोळे मात्र बाईंच्या ओठांकडे लागलेले.

"कोण आहे?" बाईंनी दाराकडे पाहत विचारलं.

मुलीने हात खाली घेतले. "तुम्हीच, बाई. हिशेब करताना तुम्ही आमच्या भाषेत मोजता. माझी आई मोजते तसं."

बाईंनी हातातला खडू टेबलावर ठेवला.

"मग रोज उभी का राहिलीस? सांगायचं होतंस."

"सांगितलं असतं, तर तुम्ही मोजायचं बंद केलं असतं."