एकच कोट

कोट एकच होता आणि जागाही एकच. इतिहासात पीएचडी करायला आम्ही दोघी बहिणींनी जिथे जिथे अर्ज केले, तिथून नकार आले होते. आता हा शेवटचा विभाग उरला होता. "एकीचं झालं तरी गंगेत घोडं न्हालं," म्हणत आईने कोटाला इस्त्री करून दिली. मुलाखतीला ताई आधी आत गेली. बाहेर आल्यावर तिने कोट काढून माझ्या हातात दिला; अस्तर घामाने ओलं होतं. "काय विचारलं गं?" "नेहमीचंच," ती खाली बघत म्हणाली. आत गेल्यावर मी माझा शोध मांडला: कारखान्यातल्या बायकांचा तो जुना संप पगारासाठी नव्हताच, संडासांना दारं नव्हती म्हणून होता. दप्तरं उपसून डोळे फुटायची वेळ आली, तेव्हा कुठे हे हाती लागलं होतं, आणि ते मी फक्त ताईला सांगितलं होतं, जेवताना, तोंडात घास असताना. समितीतल्या बाईंनी चष्मा काढला. "अगं, हे तर आत्ता तुझ्या बहिणीनेच सांगितलं. तुझं स्वतःचं काय आहे, ते सांग." खरं सांगितलं असतं तर जागा दोघींचीही गेली असती. "माझं स्वतःचं असं काही नाही," मी म्हणाले. बाहेर ताई थंडीने कुडकुडत उभी होती. मी कोट तिच्या अंगावर चढवला. "तुला वाजेल ना थंडी," ती म्हणाली. मी बटणं लावत राहिले, पार गळ्यापर्यंत.