त्या एका खेळापुरतं

मावशींनी दहा वर्षांचा कम्प्युटर दुकानदाराच्या टेबलावर दाणकन ठेवला आणि खेळाचं नाव लिहिलेली चिठ्ठी पुढे सरकवली. "यावर हा खेळ चालला पाहिजे."

चिठ्ठी वाचून दुकानदार हसला. "मावशी, हा डबा भंगारात द्या. नातवाला नवीन घ्या."

"भंगारात काय द्यायचं ते मी ठरवीन. तू कामाचं बोल."

शेवटी रॅम वाढवायची, हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी घालायची आणि कुणाचं तरी वापरलेलं ग्राफिक्स कार्ड बसवायचं ठरलं. मावशी स्टूल ओढून तिथंच बसल्या. त्याच्या हातावरची नजर त्यांनी हलवली नाही आणि काढलेला प्रत्येक भाग मागून घेऊन आपल्या पिशवीत टाकला.

"एवढ्या पैशात चित्र जरा धुरकट दिसेल हं."

"माणसं हलताना दिसली म्हणजे पुष्कळ झालं."

दुपारी खेळ सुरू झाला. पडद्यावर शिपाई बंदुका घेऊन धावायला लागले, तसा दुकानदार खुशीत आला. "घ्या! आता नातू उठायचा नाही खुर्चीतून."

"नातू कसला डोंबलाचा? मी खेळणार आहे," मावशी म्हणाल्या. "दोन वर्षं झाली, मुलगा माझा फोन उचलत नाही, दार उघडत नाही. या खेळात मात्र रोज संध्याकाळी हजर असतो. हात जोडायला मी जायची नाही. पण मला गोळी घालायला तरी मेल्याला माझ्यासमोर यावंच लागेल!"